मोती, राणी आणि मंगळवारच्या भेटी : वृद्धनिवासातील थेरपी डॉग उपक्रमाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

वृद्धनिवासाच्या व्यवस्थापनाने आजच्या बैठकीत उपक्रमाला सहा महिन्यांची मान्यता दिली. दर मंगळवारी सकाळी एक प्रशिक्षित कुत्रा आणि त्याचा हँडलर, म्हणजे त्याला सांभाळणारी व्यक्ती, निवासात येतील आणि ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासोबत थोडा वेळ घालवतील, इतकेच सध्याचे स्वरूप आहे.

बैठकीत सर्वाधिक वेळ शब्दांवर गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्रा हा सहायक कुत्रा असतो. त्याला एकाच व्यक्तीसाठी तयार केलेले असते आणि तो कायम तिच्याजवळ राहतो. थेरपी डॉग वेगळा. तो आपल्या माणसांसोबत घरी राहतो आणि हँडलरबरोबर इतरांच्या भेटीला जातो. त्यातही उपचारतज्ज्ञाने निश्चित उद्दिष्ट ठरवून आणि प्रगतीची नोंद ठेवून केलेले काम म्हणजे प्राणिसाहाय्यित उपचार, तर सोबत, दिलासा आणि विरंगुळा यांसाठी दिलेली भेट म्हणजे प्राणिसाहाय्यित उपक्रम. आपले बहुतेक काम दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणून माहितीपत्रकातील ‘उपचार’ हा शब्द मी काढून टाकला. आजारी माणसांच्या नातेवाइकांना आपण जे देऊ शकत नाही त्याची आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही.

ही कल्पना अगदीच नवी आहे का, असा प्रश्न एका विश्वस्तांनी विचारला. इंग्लंडमधील यॉर्क येथे १७९६ मध्ये सुरू झालेल्या ‘रिट्रीट’ या मनोरुग्णालयाच्या अंगणांत ससे आणि कोंबड्या ठेवलेल्या असत, आणि रुग्ण त्यांची देखभाल करत. आजच्या अर्थाने या कामाची मांडणी मात्र अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी केली. कोणाशीही न बोलणारा एक मुलगा ठरलेल्या वेळेआधीच त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांचा जिंगल्स हा कुत्रा खोलीतच होता. मुलगा आधी कुत्र्याकडे वळला आणि त्यातूनच डॉक्टरांकडे येण्याची वाट तयार झाली. १९६१ मध्ये त्यांनी हा अनुभव अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडला आणि पुढच्या वर्षी तो लेखरूपाने प्रसिद्ध केला. मला या हकिकतीतले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की त्या मुलाला कुत्र्याजवळ जायला कोणी सांगितले नव्हते.

११ जून

आज तीन कुत्र्यांची चाचणी घेतली. व्हीलचेअर अगदी जवळून नेणे, मागच्या बाजूला धातूचे भांडे पाडणे, एकाच वेळी चार जणांनी हात लावणे, अडखळत आणि मोठ्याने बोलत अंगावर येणे, जमिनीवर गोळी पडली असताना ‘सोड’ म्हटल्यावर तिच्यापासून दूर होणे, असे सगळे प्रकार करून पाहिले. शेवटचा प्रकार निवासात फार महत्त्वाचा आहे, कारण औषधाच्या गोळ्या तिथे रोज कुठे ना कुठे सांडतात.

मोती हा सहा वर्षांचा, तांबूस रंगाचा, मध्यम बांध्याचा कुत्रा उत्तीर्ण झाला. भांडे पडल्यावर तो दचकला, पण दोन-तीन क्षणांत त्याने वळून आपल्या हँडलरकडे पाहिले आणि पुन्हा सैल झाला. कुत्र्याने दचकूच नये अशी आमची अपेक्षा नसते. दचकल्यावर तो किती लवकर सावरतो ते आम्ही पाहतो. राणी ही चार वर्षांची कुत्रीही उत्तीर्ण झाली. तिसरा कुत्रा मात्र घ्यायचा नाही असे ठरले. त्याच्याइतका प्रेमळ कुत्रा मी क्वचितच पाहिला असेल, पण तो प्रेमाच्या भरात पुढचे पाय उचलून अंगावर येतो, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाची पातळ त्वचा एका नखाने फाटते. त्याच्या मालकांना वाईट वाटले. मलाही वाटले.

पशुवैद्यांची तपासणी, रेबीजसह सर्व लसी, जंतनाशक, पिसवा आणि गोचीड यांवरचा इलाज यांची कागदपत्रे जमा झाली. कच्चे मांस खाणारा कुत्रा चालणार नाही, ही अट एका हँडलरला जाचक वाटली. कच्च्या मांसातून साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याच्या पोटात जातात, कुत्रा ठणठणीत दिसत असतानाही ते विष्ठेतून बाहेर पडत राहतात, आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या वृद्धाला त्यांच्यापासून गंभीर आजार होऊ शकतो, हे समजावून सांगितल्यावर त्यांनी अट मान्य केली.

१९ जून

डॉक्टर आणि मुख्य सिस्टर यांच्यासोबत स्वच्छतेचे नियम ठरवले. प्रत्येक निवासी भेटीच्या आधी आणि नंतर हात स्वच्छ करेल, आणि दोन व्यक्तींच्या मध्ये हँडलरही करेल. ज्या मजल्यावर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे जुलाबाचा रुग्ण असेल तिथे भेट होणारच नाही, कारण त्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत. त्यांना साबण आणि पाण्यानेच धुऊन काढावे लागते. कुत्र्याला आदल्या दिवशी आंघोळ घालायची, नखे कापून घासायची. चेहरा, जखम किंवा नळी यांना त्याची जीभ लागू द्यायची नाही. पलंगावर घ्यायचा झाल्यास प्रत्येकासाठी वेगळी, धुतलेली चादर अंथरायची. स्वयंपाकघर, जेवणाची खोली आणि मलमपट्टीची खोली वगळली.

आखूड केसांच्या कुत्र्याची ॲलर्जी होत नाही, हा समज इथेही निघाला. ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात, त्यामुळे केसांच्या लांबीवर विसंबता येत नाही. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या पाच जणांची नावे वेगळी काढली आहेत.

संमतीवर अजून बोलणे व्हायचे आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत कुटुंबाची सही घेतली जाईल, पण सही म्हणजे त्या सकाळची इच्छा नव्हे, यावर मी ठाम राहिले.

१ जुलै

पहिली भेट झाली. चाळीस मिनिटांत सहा जण.

अर्धांगवायूने उजवी बाजू कमजोर झालेल्या एका आजींकडे फिजिओथेरपिस्टने आधीच ब्रश देऊन ठेवला होता. ब्रशच्या दांड्याला जाड पट्टी गुंडाळली होती, म्हणजे न मिटणाऱ्या मुठीतही तो धरता यावा. मोतीला खुर्चीच्या उजव्या बाजूला उभे केले. आजींनी डाव्या हाताने उजवे मनगट उचलले, ब्रश त्याच्या मानेवर ठेवला आणि खाली ओढला. पहिल्यांदा तो खांद्याशीच घसरून पडला. मोती हलला नाही. दुसऱ्या वेळी ब्रश अर्ध्या पाठीपर्यंत गेला, आणि मोतीने शरीराचा भार हळूच खुर्चीच्या हातावर टाकला. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी आजींचा हात थरथरू लागला तेव्हा फिजिओथेरपिस्टने थांबवले. “उद्या आणाल का याला?” असे त्यांनी विचारले. पुढच्या मंगळवारी आणू, असे सांगितल्यावर त्यांनी वार दोनदा म्हणून पाठ केला.

शेजारच्या खोलीतील आजोबांनी दारातूनच हाताने ‘नको’ अशी खूण केली. मोतीची हँडलर, जिला निवासी आता ‘मोतीची आई’ म्हणू लागले आहेत, एक शब्दही न बोलता हसून मागे वळली. एका सेविकेने “अहो आजोबा, काही करत नाही तो, हात तर लावून बघा” असे म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी तिला थांबवले. नंतर बाजूला घेऊन मी तिच्याशी सविस्तर बोलले. इथे उठण्याची, आंघोळीची, जेवणाची वेळ दुसरेच ठरवतात. दिवसभरात नाही म्हणता येईल आणि ते ऐकलेही जाईल अशा गोष्टी या माणसांच्या वाट्याला फार थोड्या उरतात. मोतीची भेट त्यांपैकी एक राहिली पाहिजे.

८ जुलै

सात जणांची भेट झाली. विशेष काही नाही. ‘नको’ म्हणणारे आजोबा दारात खुर्ची ओढून बसले होते आणि पाहत होते. आम्ही नमस्कार करून पुढे गेलो.

१५ जुलै

स्मृतिभ्रंश विभागात पहिल्यांदाच गेलो. एका आजींनी मोतीला पाहताच दुसऱ्याच नावाने हाक मारली आणि त्याच्या कानामागे खाजवत, तो इतके दिवस कुठे होता, जेवला का, पावसात भिजला का, असे विचारू लागल्या. ते त्यांच्या माहेरच्या कुत्र्याचे नाव होते, असे त्यांच्या मुलाने नंतर फोनवर सांगितले. मोतीच्या आईने नाव दुरुस्त केले नाही. “हो, भिजला होता, आता पुसलाय मी त्याला” एवढेच ती म्हणाली. थोड्या वेळाने आजी रडू लागल्या, पण त्यांचा हात मोतीच्या कानावरून हलला नाही.

रडणे पाहून विभागातील सिस्टर अस्वस्थ झाल्या आणि भेट हानिकारक ठरते आहे का, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. आम्ही चेहरा, श्वास आणि हात पाहिला. आजी दूर होऊ पाहत नव्हत्या, आवाज चढला नव्हता, कुत्र्याला घट्ट आवळलेले नव्हते. म्हणून भेट चालू ठेवली आणि आणखी पाच मिनिटांनी, त्या स्वतः खिडकीकडे वळल्या तेव्हा, संपवली. दुपारी त्या नेहमीपेक्षा शांत जेवल्या, असे कळले. ही एका दिवसाची नोंद आहे. तिच्यावरून मी काहीही सिद्ध करू पाहत नाही.

२९ जुलै

आजची चूक माझी आहे, आणि ती सविस्तर लिहून ठेवते.

२२ तारखेच्या भेटीला काही पाहुणे आले होते. त्यांना उपक्रम दाखवायचा म्हणून मी भेट लांबवत गेले. चाळीस मिनिटांच्या जागी मोती जवळपास पावणेदोन तास काम करत होता, बरेचदा सात-आठ माणसांच्या घोळक्यात. त्या दिवशीच्या नोंदीत मी ‘मोती अतिशय शांत होता’ असे लिहिले आहे. आज सकाळी तो गाडीतून खाली उतरला नाही. दार उघडले, नाव घेतले, पट्टा दाखवला, तरी त्याने मान फिरवली आणि सीटच्या आतल्या कोपऱ्याला सरकला. मोतीच्या आईने त्याला ओढले नाही. तिने दार लावले, मला फोन केला आणि भेट रद्द करून ती त्याला घरी घेऊन गेली.

दुपारी आम्ही दोघींनी मिळून २२ तारखेचे चित्रीकरण पाहिले. विसाव्या मिनिटाच्या आसपास तो पहिल्यांदा नाकावरून जीभ फिरवतो, समोर खाण्याचे काहीही नसताना. मग जांभई. मग एक पाहुणे वाकून त्याला मिठी मारतात तेव्हा तो मान पूर्ण बाजूला वळवतो आणि त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. ते दूर झाल्यावर तो ओला झाल्यासारखे सगळे अंग झटकतो. पुढच्या तासात हे सर्व पुन्हा पुन्हा होते, आणि शेवटच्या अर्ध्या तासात काहीच होत नाही. तो नुसता उभा आहे, तोंड मिटलेले, शेपूट खाली, हँडलरकडेही न पाहता. मी ‘शांत’ म्हणून लिहिले ते हेच. त्याने सांगून पाहिले, कोणी ऐकले नाही, म्हणून त्याने सांगणे सोडून दिले होते.

कुत्रा गुरगुरला असता तर आम्ही तत्क्षणी थांबलो असतो. तो सुस्वभावी आहे, हेच त्याच्या मुळावर आले.

५ ऑगस्ट

मोतीला तीन आठवडे सुट्टी. नियम पुन्हा लिहिले. भेट जास्तीत जास्त चाळीस मिनिटांची, त्यात मध्ये पाणी आणि बाहेर एक फेरी. एका वेळी कुत्र्याभोवती तीनपेक्षा जास्त माणसे नकोत, आणि कोणीही त्याच्यावर वाकून मिठी मारायची नाही. भेट थांबवण्याचा अधिकार हँडलरचा. तिने ‘पुरे’ म्हटले की व्यवस्थापक, पाहुणे, डॉक्टर किंवा मी, कोणीही कारण विचारायचे नाही.

याशिवाय एक साधी पद्धत सर्वांना शिकवली. पट्टा सैल ठेवून हँडलर दोन-तीन पावले दूर थांबते, आणि शेवटचे अंतर कुत्रा स्वतः चालून जातो. तो गेला नाही तर ती भेट होत नाही. गेला, तर छातीच्या किंवा खांद्याच्या बाजूने तीन-चार क्षण हात फिरवायचा आणि हात काढून घ्यायचा. कुत्रा पुढे सरकला, टेकला किंवा नाकाने हात शोधू लागला तर पुन्हा हात लावायचा. जागीच गोठला किंवा तोंड फिरवले तर हात मागेच ठेवायचा. निवाशांना ही पद्धत अवघड जाईल अशी भीती होती. उलट त्यांना ती चटकन उमगली. ब्रशवाल्या आजी म्हणाल्या, “म्हणजे आधी विचारायचं, एवढंच ना?”

२६ ऑगस्ट

मोती परतला, गाडीतून स्वतः उतरला. पंचवीस मिनिटांत भेट संपवली.

आर्थिक मदत करणाऱ्या संस्थेने परिणामांचा तक्ता मागितला आहे. या क्षेत्रात उत्साहाच्या भरात फार मोठे दावे केले जातात, म्हणून वाचलेले इथे नोंदवते. अमेरिकेत १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयविकार कक्षातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांची वर्षभर माहिती ठेवली होती. पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, नसलेल्या ३९ जणांपैकी ११. हे आकडे वारंवार सांगितले जातात, पण प्राणी पाळणाऱ्यांची प्रकृती, परिस्थिती किंवा घरातली सोबत मुळातच वेगळी असू शकते, हे सांगायचे राहून जाते; शिवाय घरचा प्राणी आणि आठवड्यातून एकदा येणारा मोती यांत फरक आहे. जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांमध्येही ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेले संप्रेरक वाढते. तिथेही नाते मालकाचे आहे, अनोळखी माणसाचे नाही. स्मृतिभ्रंशाबाबत २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, ९ चाचण्या आणि ३०५ व्यक्ती होत्या. नैराश्याची लक्षणे किंचित कमी होऊ शकतात इतकाच निष्कर्ष त्यातून निघाला. वर्तन, जीवनमान यांबाबत स्पष्ट पुरावा मिळाला नाही.

म्हणून संस्थेला असे कळवले की किती जणांनी कुत्र्याला स्पर्श केला हा आकडा आम्ही देणार नाही, कारण त्याच आकड्याच्या मागे लागून मी २२ जुलैची चूक केली. त्याऐवजी किती जणांना विचारले, किती जण हो म्हणाले, किती जण नाही म्हणाले, कुत्र्याने किती वेळा नकार दिला आणि भेटीनंतर सिस्टरांनी काय पाहिले, हे देऊ. अजून उत्तर आलेले नाही.

१६ सप्टेंबर

दुसऱ्या मजल्यावरील एका आजोबांची अवस्था गेल्या शुक्रवारपासून अखेरची होती. त्यांच्या मुलीने स्वतः फोन करून, मोती येऊ शकेल का, असे विचारले. डॉक्टरांची परवानगी घेतली आणि शनिवारी वेगळी भेट ठेवली. आजोबा जुलैपासून दर आठवड्याला मोतीशी बोलत असत, त्यामुळे त्यांची इच्छा आम्हांला ठाऊक होती. तसे नसते तर मी होकार दिला नसता.

पलंगावर धुतलेली चादर अंथरली. मोतीला वर घेण्याआधी मोतीच्या आईने पट्टा सैल सोडला आणि वाट पाहिली. तो दारात थांबला, खोलीचा वास घेतला, मग चालत जाऊन पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकली. वर चढण्याची त्याची तयारी दिसली नाही, म्हणून त्याला तिथेच राहू दिले. मुलीने आजोबांचा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. आजोबांचे डोळे मिटलेले होते. अंगठा मात्र मोतीच्या कपाळावर पुढे-मागे होत होता, अगदी थोडा, भाताच्या शिताइतका. अकरा मिनिटांनी मोतीने डोके काढून घेतले. आम्ही निघालो. आजोबा सोमवारी पहाटे गेले.

मोतीच्या आईला मी या आठवड्याची भेट घेऊ नको असे सांगितले. या कामात हँडलरच्या मनावर येणारा भार कोणत्याही तक्त्यात बसत नाही, आणि तिने तो बोलून दाखवेपर्यंत थांबणे म्हणजे कुत्र्याच्या बाबतीत केलेली चूक माणसाच्या बाबतीत पुन्हा करणे होय.

७ ऑक्टोबर

राणी आता एका आड एक मंगळवारी येते. ती मोतीपेक्षा खेळकर आहे आणि मऊ चेंडू आणून देते. त्यामुळे बैठ्या व्यायामाच्या गटात तिचा उपयोग अधिक होतो. ॲलर्जीच्या यादीतील पाच जणांसाठी जपानी अभियंते ताकानोरी शिबाता यांनी तयार केलेल्या ‘पारो’ या सीलच्या पिल्लासारख्या यंत्राचा विचार झाला. त्यातून जंतूंचा किंवा ॲलर्जीचा प्रश्न बराच सुटतो. सध्या ते आपल्याला झेपणारे नाही, म्हणून त्या पाच जणांसाठी खिडकीबाहेर पक्ष्यांना दाणे आणि पाणी ठेवण्याची सोय केली आहे.

२८ ऑक्टोबर

१ जुलैला नकार देणारे आजोबा अजूनही मोतीला हात लावत नाहीत. लहानपणी कुत्रा चावल्याचे त्यांनी ऑगस्टमध्ये सांगितले. जुलैत खोलीच्या दारात असलेली त्यांची खुर्ची आता व्हरांड्याच्या मध्यावर आली आहे, आणि ती दर वेळी त्यांनी स्वतःच सरकवली आहे. मोती थकलेला दिसला की सर्वांत आधी तेच सांगतात. आज त्यांनी काठी उचलून हाक दिली, “अहो, जांभई दिली त्यानं, पुरे करा आता.” मोतीच्या आईने तत्काळ भेट संपवली.

त्यांना कुत्र्याजवळ आणावे, असे काही कर्मचाऱ्यांना वाटते. माझे मत वेगळे आहे. त्यांना हवे तितकेच अंतर त्यांनी राखले आहे, आणि त्या अंतरावरून ते जे करतात ते आमच्यापैकी कोणाला जमत नव्हते.

१८ नोव्हेंबर

व्यवस्थापनाने उपक्रमाला आणखी सहा महिन्यांची मान्यता दिली. संस्थेने नकारांचे रकाने असलेला तक्ता स्वीकारला.

मोतीच्या मागच्या डाव्या पायात सांध्याचा विकार सुरू झाल्याचे पशुवैद्यांनी सांगितले. दुखणे सध्या औषधाने आटोक्यात आहे, परंतु जिने बंद आणि भेटी महिन्यातून दोनच. दुखणारा कुत्रा कितीही सुस्वभावी असला तरी अचानक झालेल्या स्पर्शाने दचकू शकतो, त्यामुळे मार्चपर्यंत त्याला निवृत्त करायचे ठरवले आहे. निवाशांना ते आजच सांगितले. एके दिवशी मोती नुसताच येईनासा झाला, असे त्यांच्या बाबतीत होऊ द्यायचे नाही. माणसे अशी येईनाशी झालेली त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत.

ब्रशवाल्या आजींचा हात आता मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पोहोचतो. फिजिओथेरपिस्टच्या मते यात रोजच्या व्यायामाचा वाटा मोठा आहे, आणि ते मी जसेच्या तसे नोंदवते. बातमी ऐकल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले की मोतीचा कोणता पाय दुखतो, आणि खुर्ची त्याच्या उजव्या अंगाला लावून घेतली, म्हणजे त्याला दुखऱ्या पायावर भार द्यावा लागू नये. ब्रश मोती गेल्यावरही आपल्याजवळ राहावा, अशी त्यांची इच्छा आहे. तो साबणाने धुऊन, वाळवून त्यांच्या खणात ठेवायला सिस्टरांनी परवानगी दिली.

पुढची भेट २ डिसेंबरला, मोतीसोबत, तळमजल्यावर.